‘डूम’ : निवाड्याचा शब्द सर्वनाशाचा कसा झाला?

इंग्रजीभाषक देशांत नोकरी-व्यवसाय करणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर ‘डूम’ हा शब्द हल्ली वारंवार पडतो. मुदत टळत चाललेल्या प्रकल्पाविषयी सहकारी सहज म्हणतो की हे काम ‘डूम्ड’ आहे. रात्री अंथरुणावर पडून एकामागून एक वाईट बातम्या चाळत राहण्याच्या सवयीला ‘डूमस्क्रोलिंग’ असे नाव मिळाले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील तंत्रज्ञ ‘पी-डूम’ या आकड्यावर वाद घालतात. शब्दकोशात या शब्दाचे अर्थ दुर्दैव, अटळ विनाश, सर्वनाश असे दिलेले असतात आणि आजच्या वापराच्या दृष्टीने ते बरोबरही आहेत.

मात्र हे अर्थ या शब्दाच्या आयुष्यातील उत्तरार्धाचे आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘डूम’ म्हणजे विनाश नव्हे, तर कायदा, निवाडा, विचारपूर्वक दिलेला निर्णय. दैवासाठी त्या भाषेत निराळा शब्द होता. निवाड्याचा हा शब्द दैवाचा आणि पुढे सर्वनाशाचा कसा झाला, हे समजून घेणे केवळ भाषाप्रेमींच्या कुतूहलाचा विषय नाही. कायद्याच्या कागदपत्रांत, रुग्णालयात आणि रोजच्या बातम्यांत या शब्दाची आणि त्याच्या भावंडांची आपल्याशी गाठ पडते, तेव्हा हा इतिहास प्रत्यक्ष उपयोगी पडतो.

मूळ धातू आणि आपले नाते

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचे रूप ‘दोम’ असे होते, त्यातील ‘ओ’ दीर्घ. मध्ययुगाच्या अखेरीस इंग्रजीतील दीर्घ स्वर बदलले आणि त्या ओघात ‘दोम’चा ‘डूम’ झाला. ‘मून’ आणि ‘फूड’ या शब्दांतील ‘ऊ’ देखील पूर्वी दीर्घ ‘ओ’च होता. घुमट या अर्थाच्या ‘डोम’ शब्दाशी ‘डूम’चा संबंध नाही, तो लॅटिनमधून आला. ‘डॅम’ आणि ‘कंडेम’ हे शब्द अर्थाने व ध्वनीने जवळचे वाटले, तरी त्यांचेही मूळ लॅटिन आहे आणि ते वेगळे आहे.

‘डूम’चे खरे कूळ भारत-युरोपीय भाषाकुळातील एका अतिप्राचीन धातूत सापडते. त्याचा अर्थ ‘ठेवणे, स्थापन करणे’. संस्कृतात हाच धातू ‘धा’ या रूपाने आला. संस्कृत ‘ध’च्या जागी इंग्रजीत ‘द’ वा ‘ड’ येणे हा नियमित ध्वनिसंबंध आहे. ‘विधवा’ आणि ‘विडो’, ‘मधू’ आणि मधापासून केलेल्या मद्याचे नाव ‘मीड’ या जोड्या त्याच नियमाच्या आहेत. त्याच धातूपासून ग्रीकांना न्यायदेवता थेमिसचे नाव मिळाले. इंग्रजीला ‘करणे’ या अर्थाचे ‘डू’ हे क्रियापद व ‘कृत्य’ या अर्थाचा ‘डीड’ हा शब्द मिळाला आणि त्यांच्याच पंक्तीला ‘डूम’ बसला.

मराठीत या धातूची संतती मोठी आहे. ‘वि’ हा उपसर्ग लागून विधी, विधान, विधेयक, विधाता हे शब्द झाले. विधिमंडळ, विधानसभा, संविधान हे शब्द याच घराण्यातले. आणि याच घराण्यात ‘विधिलिखित’ही आहे. जी गोष्ट कोणीतरी ‘ठेवून दिली’ ती नियम झाली. नियम सांगणारा निर्णय देऊ लागला आणि तो निर्णय जेव्हा माणसाच्या आवाक्याबाहेरच्या शक्तीने दिला असे मानले गेले, तेव्हा त्याला दैव म्हटले गेले. ‘विधी’ आणि ‘डूम’ या दोन शब्दांनी एकमेकांपासून हजारो मैल दूर राहून जवळजवळ हीच वाट चालली. ‘डूम’ला मराठी प्रतिशब्द शोधताना आपण ‘दुर्दैव’ किंवा ‘विनाश’ येथे थांबतो, पण त्याचा सख्खा नातलग ‘विधी’ आहे.

राजांनी घालून दिलेले ‘डूम’

इंग्रजी भाषेत लिहिलेला सर्वांत जुना ज्ञात कायदा केंट प्रांताचा राजा एथेलबर्ट याचा आहे. त्याचा काळ साधारण इ. स. ६०० हा मानला जातो. बाराव्या शतकात रॉचेस्टर येथे तयार झालेल्या ‘टेक्स्टस रॉफेन्सिस’ या हस्तलिखितामुळे तो आपल्यापर्यंत पोहोचला. त्या हस्तलिखितातील मथळा सांगतो की हे एथेलबर्ट राजाने घालून दिलेले ‘डूम’ आहेत.

या ‘डूम’मध्ये काय होते? बहुतांशी नुकसानभरपाईचे दर. कोणी कोणाचा कान तोडला तर बारा शिलिंग, अंगठा तोडला तर वीस शिलिंग, समोरच्या चार दातांपैकी प्रत्येकाला सहा शिलिंग, असा तो तपशील आहे. आज वाचताना त्याची गंमत वाटते, परंतु त्यामागचा हेतू गंभीर होता. कान तोडणाऱ्याचा कान तोडायचा, मग त्याच्या नातलगांनी सूड घ्यायचा, ही साखळी मोडण्यासाठी राजाने प्रत्येक जखमेला किंमत ठरवून दिली. म्हणजे ‘डूम’ हा विनाश थांबवण्याचा उपाय होता.

नवव्या शतकाच्या उत्तरार्धात वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने आपल्या कायद्यांचा संग्रह केला. त्याला ‘डूमबुक’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या प्रस्तावनेत बायबलमधील दहा आज्ञा आहेत, आणि जे आपल्याला होऊ नये असे वाटते ते दुसऱ्याला करू नये, हे सूत्रही आहे. हे एवढे एक सूत्र ध्यानी ठेवले तर न्याय करणाऱ्याला दुसऱ्या कोणत्याही ‘डूमबुक’ची गरज नाही, अशा आशयाचे विधान आल्फ्रेडने तेथे केले आहे.

त्या काळच्या वीरकाव्यात ‘डूम’चा आणखी एक अर्थ सापडतो, तो म्हणजे कीर्ती. माणूस गेल्यावर लोक त्याच्याविषयी जो निर्णय देतात तो त्याचा ‘डूम’. मरण्यापूर्वी ‘डूम’ मिळवावा, अशी योद्ध्याची आकांक्षा असे. आज ‘डूम’ला सामोरे जाणे म्हणजे नाश पावणे, तेव्हा ‘डूम’ मिळवणे म्हणजे नाव कमावणे.

दैवासाठी प्राचीन इंग्रजीतील शब्द होता ‘विर्ड’. त्याचे नाते ‘वळणे, होणे’ या अर्थाच्या धातूशी, म्हणजे संस्कृत ‘वृत्’शी व पर्यायाने मराठीतील ‘वर्तन’ आणि ‘वर्तुळ’ यांच्याशी आहे. पुढे त्याचाच ‘वियर्ड’ झाला. शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’मधील तीन चेटकिणींना लावलेले ‘वियर्ड’ हे विशेषण ‘विचित्र’ या अर्थाचे नसून ‘दैव जाणणाऱ्या’ या अर्थाचे आहे. कालांतराने ‘वियर्ड’ला केवळ ‘विचित्र’ एवढाच अर्थ उरला आणि दैवाची ती जागा पुढे ‘डूम’ने घेतली.

शेवटचा दिवस आणि जमिनीची वही

ख्रिस्ती धर्मश्रद्धेनुसार जगाच्या अंती सर्व मृतांना उठवून त्यांच्या कर्मांचा न्याय केला जाईल. या दिवसाला प्राचीन इंग्रजीत ‘डूम’चा दिवस, म्हणजे ‘डूम्सडे’ म्हटले गेले. मराठी बायबलमध्ये यासाठी ‘न्यायाचा दिवस’ हा नेमका प्रतिशब्द आहे. ‘डूम्सडे’चे भाषांतर ‘प्रलय’ किंवा ‘कल्पान्त’ असे करण्याची पद्धत पडली आहे, परंतु त्यात मूळ कल्पना हरवते. प्रलयात सृष्टी लयाला जाते आणि पुन्हा निर्माण होते, तेथे कोणावर खटला चालत नाही. ‘डूम्सडे’ला न्यायासन असते. आपल्याकडील कल्पनांपैकी त्याला जवळची कल्पना प्रलयाची नसून, चित्रगुप्ताची वही समोर ठेवून निवाडा करणाऱ्या यमधर्माची आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमधील चर्चच्या भिंतींवर हा प्रसंग रंगवलेला असे, आणि अशा चित्रालाही ‘डूम’ असेच म्हणत. सॉल्झबरी येथील सेंट थॉमस चर्चमध्ये साधारण १४७५ च्या सुमाराचे असे भव्य चित्र आजही पाहता येते. धर्मसुधारणेच्या काळात अशा अनेक चित्रांवर चुना फासला गेला आणि एकोणिसाव्या शतकात त्यांतील काही पुन्हा उघड झाली. या चित्रांत नरकाकडे नेल्या जाणाऱ्यांत मुकुटधारी राजे आणि बिशपही दिसतात. निवाडा सर्वांना सारखा, हा त्यांचा संदेश होता.

याच कल्पनेने इंग्लंडच्या सर्वांत प्रसिद्ध सरकारी दफ्तराला नाव दिले. विल्यम द कॉन्करर याने १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे देशभरातील जमिनींच्या पाहणीचा आदेश दिला आणि १०८६ मध्ये ती झाली. कोणाकडे किती जमीन, किती नांगर, किती गिरण्या, किती उत्पन्न याची तेरा हजारांहून अधिक गावांची नोंद त्यात आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर तो देशाचा सातबारा होता. या वहीला लोक ‘डूम्सडे बुक’ म्हणू लागले. बाराव्या शतकात राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने याचे कारण लिहून ठेवले आहे : अंतिम निवाड्याप्रमाणेच या वहीतील नोंदीविरुद्ध दाद मागता येत नाही, म्हणून हे नाव पडले. ही वही लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेली आहे. तिच्या नावात ‘डूम’चे जुने स्पेलिंग टिकून राहिले आहे, उच्चार मात्र ‘डूम्सडे’ असाच होतो.

अपील नाही, फेरविचार नाही, हा भाव ‘डूम’ला येथे कायमचा चिकटला. निवाडा या अर्थावर अटळपणाची छाया पडली ती याच काळात.

न्यायालयातून हकालपट्टी

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच व लॅटिन झाली. ‘जज’, ‘जस्टिस’, ‘कोर्ट’, ‘ज्युरी’, ‘व्हर्डिक्ट’, ‘सेंटेन्स’ हे शब्द त्या वाटेने आले. ‘लॉ’ हा शब्द त्याआधीच उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आला होता आणि त्याचाही मूळ अर्थ ‘घालून दिलेले’ असाच आहे. इतक्या पाहुण्यांच्या गर्दीत ‘डूम’ला न्यायालयात जागा उरली नाही. चौदाव्या शतकात विक्लिफच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी बायबलमध्ये निवाड्यासाठी ‘डूम’ वापरलेला दिसतो. १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीत त्याची जागा ‘जजमेंट’ने घेतलेली आहे. दुर्दैव, विनाश हा अर्थ चौदाव्या शतकापासून डोकावू लागला होता आणि सन १६०० नंतर तोच सर्वसाधारण झाला. न्यायाधीश गेला, न्यायासन गेले, उरली ती फक्त शिक्षा.

मराठी वाचकाला ही कथा अपरिचित वाटू नये. सुलतानी राजवटींत कायदा, वकील, फिर्याद, दावा, हुकूम हे अरबी-फारसी शब्द आपल्या कचेऱ्यांत आले आणि पक्के झाले. ‘विधी’ बोलीत प्रामुख्याने धर्मकृत्यांपुरता उरला : लग्नविधी, अंत्यविधी. आजही ‘विधी’ म्हटले की सामान्य माणसाला आधी भटजी आठवतात, वकील नाही. फरक एवढाच की आपण हा शब्द पुन्हा न्यायालयात आणला. ‘विधी व न्याय विभाग’, ‘विधी महाविद्यालय’, ‘विधिज्ञ’ ही त्याची साक्ष आहे. इंग्रजीने ‘डूम’ला परत बोलावले नाही.

तरीही त्याची भावंडे कायद्याच्या भाषेत मागे राहिली आहेत. आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटावर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना आजही ‘डीमस्टर’, म्हणजे ‘डूम’ देणारे, असे म्हणतात. हेरिंग माशाचा कणा जसा त्याच्या शरीराच्या बरोबर मध्ये असतो, तसा कोणत्याही बाजूला न झुकता न्याय करीन, अशी शपथ ते घेतात. ‘डेम्प्स्टर’ हे आडनाव त्याच पदनामावरून आलेले आहे. ‘किंगडम’, ‘फ्रीडम’, ‘विजडम’ यांच्या अखेरीचा ‘डम’ हादेखील मूळचा ‘डूम’च. राजाचा अधिकार जेथवर चालतो ते ‘किंगडम’.

सर्वांत महत्त्वाचे भावंड म्हणजे ‘डीम’ हे क्रियापद : निर्णय देणे, मानणे. परदेशस्थ मराठी माणसाची त्याच्याशी गाठ पडल्यावाचून राहत नाही. पुण्या-मुंबईतील गृहनिर्माण संस्थेच्या नावे विकासकाने जमीन हस्तांतरित केली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडून ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ मिळवता येते. त्याला शासकीय मराठीत ‘मानीव अभिहस्तांतरण’ म्हणतात. ‘डीम्ड युनिव्हर्सिटी’ला आपण ‘अभिमत विद्यापीठ’ म्हणतो. २०२० च्या वित्त अधिनियमाने भारतीय प्राप्तिकर कायद्यात ‘डीम्ड रेसिडेंट’ ही वर्गवारी आणली. परदेशातील उत्पन्न वगळून एखाद्या भारतीय नागरिकाचे उत्पन्न पंधरा लाख रुपयांहून अधिक असेल आणि वास्तव्य वा तत्सम कारणाने तो अन्य कोणत्याही देशात करपात्र नसेल, तर त्याला भारताचा रहिवासी मानले जाते. आखाती देशांतील वाचकांना हे वेगळे सांगायला नको. या सर्व ठिकाणी ‘डीम्ड’चा अर्थ एकच : वस्तुस्थिती काहीही असो, कायद्याने तसे ठरवले आहे. हा निवाड्याचा जुना अर्थ जसाच्या तसा आहे.

आजचा वापर आणि मराठी प्रतिशब्द

आजच्या इंग्रजीत ‘डूम’ हे नाम सहसा एकवचनीच येते. माणूस आपल्या ‘डूम’ला सामोरा जातो, एखादी घटना एखाद्या उद्योगाचा ‘डूम’ ठरते, नेहमी वाईटच घडणार असे सांगणारा ‘प्रॉफेट ऑफ डूम’ असतो आणि हेच सांगून लोकांना भेदरवण्याचा धंदा करणारा ‘डूममाँगर’. ‘मॅकबेथ’मुळे रूढ झालेल्या ‘क्रॅक ऑफ डूम’ या प्रयोगातील ‘क्रॅक’ म्हणजे तडा नव्हे, तर अंतिम दिवसाची घोषणा करणारा गडगडाट.

क्रियापद म्हणून ‘डूम’ प्रामुख्याने कर्मणी रूपात येते. ‘डूम्ड’पुढे नाम किंवा क्रिया येते आणि ती नेहमी अनिष्ट असते. येथेच त्याचा ‘डेस्टिन्ड’शी भेद आहे. एखादी मुलगी मोठी गायिका होण्यास ‘डेस्टिन्ड’ असते, ‘डूम्ड’ नसते. ‘फेट’ हा शब्द या दोहोंच्या मध्ये आहे. मूळ लॅटिनमध्ये ‘जे बोलले गेले’ असा त्याचा अर्थ असून तो बऱ्यावाईट दोन्हींकडे जाऊ शकतो. नेहरूंच्या १९४७ च्या प्रसिद्ध भाषणातील ‘डेस्टिनी’ला मराठीत आपण ‘नियती’ म्हणतो. तेथे ‘डूम’ची कल्पनाही करवत नाही.

भाषांतर करताना एकच मराठी शब्द सगळीकडे चालत नाही. दारिद्र्यात खितपत राहण्यास ‘डूम्ड’ असलेल्या माणसाविषयी ‘दारिद्र्य त्याच्या पाचवीलाच पुजलेले होते’ यापरते नेमके मराठी नाही. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या रात्री पूजा करतात, सटवाई येऊन बाळाचे भविष्य कपाळी लिहून जाते, ही श्रद्धा त्यामागे आहे. ‘डूम’प्रमाणेच तेथेही कोणीतरी निर्णय लिहितो. स्वतःच्या कर्माने अंत जवळ आला असेल तर ‘घडा भरला’. प्रयत्न मुळातच फसणारा असेल तर ‘निष्फळ ठरणारच होता’ एवढे साधे वाक्य पुरते. काव्यात्म किंवा गंभीर संदर्भात ‘विधिलिखित’ योग्य. ‘नशीब’ आणि ‘भाग्य’ मात्र टाळावेत. दोन्हींचा मूळ अर्थ ‘वाटा’ असा आहे आणि त्यांत निवाड्याचा भाव नाही.

विनोदी वापर वेगळा. बीबीसीच्या १९६८ ते १९७७ या काळातील ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेतील फ्रेझर हे पात्र किरकोळ अडचणीतही आपण सारे ‘डूम्ड’ आहोत असे डोळे विस्फारून जाहीर करते. ब्रिटिश कार्यालयांत हा शब्द ऐकू येतो तो बहुधा त्याच चालीवर. त्याचे मराठी ‘वाट लागली’ किंवा ‘बोऱ्या वाजला’. अशा वेळी शब्दशः अर्थ घेऊन घाबरणारा नवागत हास्यास्पद ठरतो.

जेथे चूक महागात पडते

एका ठिकाणी मात्र हा शब्द विनोदाचा नाही आणि अलंकाराचाही नाही. वैद्यकशास्त्रात ‘इम्पेंडिंग डूम’ची भावना हे एक मान्य लक्षण आहे. हृदयविकाराचा झटका, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी, तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया, न जुळणारे रक्त दिले गेल्यावर होणारी प्रतिक्रिया, या आपत्तींत रुग्णाला अचानक, कारण सांगता न येता, आपला अंत जवळ आला असे तीव्रपणे वाटू लागते. तीव्र भयाच्या झटक्यातही असे होते. परंतु त्यातील कोणते कारण आहे हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते, घरच्यांनी नाही.

भारतातून भेटीला आलेले आईवडील परदेशातील रुग्णालयात दाखल होतात, तेव्हा बहुधा मुलगा किंवा मुलगी दुभाषाचे काम करते. परिचारिका ‘इम्पेंडिंग डूम’विषयी विचारते. आता याचे भाषांतर काय करायचे? ‘सर्वनाश जवळ आला आहे असे वाटते का?’ असे विचारले तर आई गोंधळून ‘नाही’ म्हणेल. याउलट ती आपणहून म्हणत असते, ‘माझं काही खरं नाही आता’, किंवा ‘जीव घाबरा झालाय, आता मी काही वाचत नाही’. मुलगा तिला धीर देतो आणि परिचारिकेला सांगतो की ती जरा ‘नर्व्हस’ आहे. मराठी माणसाच्या तोंडी ही वाक्ये एरवीही येत असल्याने त्यांचे गांभीर्य आपल्या लक्षात येत नाही.

अशा प्रसंगी प्रश्न असा विचारावा : ‘आई, अचानक खूप भीती वाटतेय का? आता काहीतरी वाईट होणार, आपण वाचणार नाही, असं वाटतंय का?’ आणि उत्तर सौम्य न करता जसेच्या तसे इंग्रजीत सांगावे. छातीत दुखणे, धाप लागणे, अंगावर गांधी उठणे, दरदरून घाम येणे यांपैकी काही सोबत असेल तर ते आवर्जून सांगावे. घरी असताना हे घडले तर वाट न पाहता आपत्कालीन सेवेला बोलवावे. रुग्णालयात व्यावसायिक दुभाषा मिळत असेल तर तो मागण्यात संकोच करू नये. आईची भीती तिच्याच मुलाने दुसऱ्या भाषेत सांगायची असते, तेव्हा ती नकळत कमी करून सांगितली जाते.

घड्याळ, पडदा आणि आकडा

१९४७ मध्ये ‘बुलेटिन ऑफ द ॲटॉमिक सायंटिस्ट्स’ या अमेरिकी नियतकालिकाने मुखपृष्ठावर एक घड्याळ छापले. मध्यरात्र म्हणजे मानवजातीचा अंत आणि काटे मध्यरात्रीला सात मिनिटे कमी असल्याचे दाखवत होते. तेच ‘डूम्सडे क्लॉक’. १९५३ मध्ये, हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनंतर, ते दोन मिनिटांवर आले. शीतयुद्ध संपून अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात शस्त्रकपातीचा करार झाल्यावर १९९१ मध्ये ते सतरा मिनिटांपर्यंत मागे गेले. जानेवारी २०२५ मध्ये ते ८९ सेकंदांवर आणले गेले. या घड्याळातील लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे त्याचे काटे मागेही जातात आणि ते करारांमुळे, म्हणजे माणसांच्या निर्णयांमुळे जातात.

‘डूमस्क्रोलिंग’ हा शब्द करोना साथीच्या पहिल्या वर्षी घरोघरी पोहोचला. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी शब्दकोशाने २०२० चा शब्द म्हणून त्याची निवड केली. रात्री दोन वाजता मुंबईतील पुराची किंवा नातलगाच्या गावातील साथीची बातमी परदेशात बसून चाळणाऱ्याला या शब्दाची ओळख करून द्यावी लागत नाही. वाईट बातमी वाचत राहिल्याने आपण काही करत आहोत असा भास होतो, प्रत्यक्षात काहीच झालेले नसते. ‘पी-डूम’ म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवजातीवर सर्वनाश ओढवण्याची एखाद्याच्या मते असलेली संभाव्यता. ‘पी’ हे संभाव्यतेचे गणिती चिन्ह. हा आकडा हवामानाच्या अंदाजासारखा बोलला जातो, जणू यंत्रे कोणी बांधतच नाही आणि ती कशी वापरायची हे कोणी ठरवतच नाही.

या तिन्ही प्रयोगांत ‘डूम’चा अर्थ अटळ विनाश हाच आहे. परंतु अण्वस्त्रे, साथी, हवामानबदल आणि यंत्रे यांबाबत जे घडते त्याच्या मागे अर्थसंकल्प असतात, कायदे असतात, मते असतात आणि ते ठरवणारी माणसे असतात. त्याला ‘डूम’ म्हटले की ठरवणारे दृष्टिआड होतात आणि केवळ शिक्षा उरते. इंग्रजीत या शब्दाचे सन १६०० च्या सुमारास जे झाले, तेच येथे पुन्हा होते.

म्हणून हा शब्द वाचताना किंवा वापरताना एक प्रश्न विचारण्याची सवय उपयोगी पडेल : हा निवाडा कोणी दिला? वैतागलेला सहकारी प्रकल्प ‘डूम्ड’ आहे म्हणतो तेव्हा मुदत कोणी ठरवली, मथळा एखाद्या शहराचा ‘डूम’ सांगतो तेव्हा नाल्यावर बांधकामाला परवानगी कोणी दिली, हे विचारता येते. उत्तर अनेकदा एखाद्या माणसापाशी किंवा कचेरीपाशी जाऊन थांबते आणि तेथे दाद मागता येते. एथेलबर्टच्या काळात ‘डूम’ घालून देणारा राजा सर्वांना ठाऊक असे. ‘डूम’ आणि ‘डू’ एकाच धातूची लेकरे आहेत. जे ‘केले’ जाते, ते वेगळ्या प्रकारेही करता येते.